रंग वाळल्यावर वाचायचं

दोरीचं एक टोक बायकोच्या हातात, दुसरं माझ्या. मधे भिंतीला टेकवलेला निळा पत्रा. दोरीला खडूची भुकटी चोळलेली.

"ताणा की नीट," ती म्हणाली.

"ताणूनच राहिलो. तुझंच ढिलं हाय."

"माझं ढिलं? तुमच्या हाताला कंप सुटलाय, ते बघा आधी."

मग तिनं मोकळ्या हातानं दोरी चिमटीत धरली, मागं ओढली आन सोडली. फट्ट. पत्र्यावर पांढरी सरळ रेघ उठली. दोघंही जरा खाली वाकलो, पुन्हा फट्ट. रेघा झाल्यावर तिनं दोरी गुंडाळली आन माझ्या सदऱ्याच्या खिशात कोंबली. मी दोरी कुठंही टाकतो आन मग घरभर शोधत फिरतो, म्हणून.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. तेव्हा काही वाटलं न्हाई. रोज करतो तसं केलं.

मी पेंटर. चित्रं काढणारा न्हाई, दुकानांचे बोर्ड रंगवणारा. शाळा दुसरीपर्यंत. नांदेडला एका उस्तादांच्या हाताखाली ब्रश धरायला शिकलो. ते उर्दू, मराठी, हिंदी सगळं रंगवायचे. ते म्हणायचे, अक्षर म्हणजे आकार, आकार सांभाळ, बाकी फिकीर करू नको. मी ती फिकीर कधी केली न्हाई. ती केली बायकोनं. तिची सातवी झाली होती, आन तिला एक वाईट खोड होती. दुकानदारानं चिठ्ठीवर लिहून दिलेला मजकूर ती जसाच्या तसा पुढं जाऊ द्यायची न्हाई.

"हे कोणाला उद्देशून लिहिलंय?" ती विचारायची.

"गिऱ्हाइकाला."

"मग गिऱ्हाइकानं काय केलंय ह्याचं? दरडावून का राहिला हा?"

खरं सांगायचं तर आमच्याकडच्या दुकानांचे बोर्ड बघा, अर्धे पोलीस चौकीत लावायचे वाटतात. मनाई आहे. कारवाई केली जाईल. जबाबदार राहणार नाही. माणूस पोटासाठी दुकान उघडतो आन पहिलं वाक्य असं लिहितो की आलेला माणूस दारातून परत जावा. आता मोबाईलवर मेसेज येतात, तेही तसलेच. सन्माननीय ग्राहक म्हणायचं आन खाली धमकी द्यायची. ती मेसेज मोठ्यानं वाचायची आन म्हणायची, "आधी पाया पडतो, मग गचांडी धरतो."

तिची रीत साधी होती. वाचणारा कुठं उभा राहतो, तिथं जाऊन आधी आपण उभं राहायचं. लातूरला एका डॉक्टरांनी मजकूर दिला होता, चप्पल घालून आत आल्यास दंड आकारला जाईल. ही काही आजार नसताना त्या दवाखान्यात सकाळभर बसून आली. घरी येऊन म्हणाली, "लोकांना चपला काढायची लाज न्हाई हो. चोरीला जायची भीती हाय. पायात हाय तो एकच जोड हाय बहुतेकांचा." मग डॉक्टरांना सांगून तिनं चपलांची फळी कंपाउंडरच्या टेबलासमोर ठेवायला लावली, आन फळी ठेवल्यावर मजकूर दिला: चपला इथं काढा. आमची नजर आहे.

फळी आधी, बोर्ड मागून. दुकानात जे घडत न्हाई ते ती बोर्डावर लिहायची न्हाई. त्यापायी गिऱ्हाइकं गेली. एक कापडवाला आमच्या घरी आला होता, भव्य सेल, शेवटचे काही दिवस, असं रंगवून पाहिजे म्हणून. ही म्हणाली, "शेवट कधी हाय ते सांगा, लिहिते." तो बारा महिने सेल लावणारा माणूस. मला म्हणाला, "पेंटर, बायकोला घरात ठेवत जा." मी म्हणलं, "ती घरातच हाय. तुम्हीच आलात तिच्या घरात."

आमची अजून एक रीत होती, आन त्या रीतीनंच शेवटी माझा घात केला.

लग्न झालं त्या सुमाराला आम्ही नांदेडला राहायचो, स्टेशनच्या बाजूला. तिथल्या एका हॉटेलवाल्याला बोर्ड पाहिजे होता, प्रवाशांनी सामानाची काळजी स्वतः घ्यावी, असा. हिनं बदलून दिला: सामान इथं ठेवा, चहा पिऊन या. मी वाक्य ऐकलं, आवडलं, आन तोंडानं घोकत घोकत रंगवत गेलो. हात तोंडाच्या मागं पळाला आन एक शब्दच खाल्ला. बोर्ड लागला: सामान इथं ठेवा, पिऊन या. सगळं स्टेशन हसलं. हॉटेलवाला म्हणाला, "पेंटर, माझा चहाचा धंदा हाय, तुम्ही दुसराच काढून दिला."

तेव्हापासून ठरलं. मजकूर ती खडूनं पत्र्यावर लिहिणार, मला वाचून दाखवणार न्हाई. मीही वाचायचं न्हाई. पत्र्याला नाक लावून एकेक अक्षर, एकेक वळण रंगवत जायचं. सगळा रंग वाळला की ती मला रस्त्याच्या पलीकडं उभं करायची आन इकडून कमरेवर हात ठेवून मोठ्यानं वाचायची. येणारे जाणारे म्हणायचे, बाई बोर्डाशी भांडून राहिली. मी रंगवलेल्या बोर्डावर काय लिहिलंय हे मला सगळ्यांत शेवटी कळायचं, आन तेही तिच्या तोंडून. जन्मभर तसंच चाललं. त्याच्यात मजा होती, हे आता कळून राहिलं.

तो निळा पत्रा डाळ मिलचा. लातूरला मोठ्या मिल लई हाईत, ही लहान. लोक घरची तूर घेऊन येतात आन भरडून डाळ घेऊन जातात. तिथं लोक आत घुसायचे, थेट मशिनीपर्यंत. एकदा एका म्हाताऱ्याचं उपरणं पट्ट्यात गेलं. हमालानं वेळेवर बटण दाबलं म्हणून गळा वाचला. शेठ घाबरून आमच्याकडं आले. मजकूर तयारच होता, विनापरवाना आत प्रवेश करणाऱ्यांवर कायदेशीर कारवाई.

ही दुसऱ्या दिवशी पिशवीत आमची तूर घेऊन मिलवर गेली आन फाटकाबाहेरच्या दगडावर बसली. आली ती बोलतच आली.

"त्यांना काय आत जायची हौस हाय का? आपली तूर दुसऱ्याच्या तुरीत मिसळंल, चांगली देऊन किडकी पदरात येईल, ह्याची धास्ती हाय. मीच दोनदा आत जाऊन आले, आता बोला."

मग तिनं शेठला बोलावून सांगितलं की एका वेळी एकाचीच तूर मशिनीत टाकायची. प्रत्येकाच्या पोत्याला एक रंगीत चिंधी बांधायची आन तिचाच अर्धा तुकडा माणसाच्या हातात द्यायचा. तुकडा जुळला की डाळ त्याची. शेठ म्हणाले, "पेंटरीणबाई, बोर्ड सांगितला होता, तुम्ही मिल चालवायला लागलात." पण कबूल झाले. हिनं शिंप्याकडून कतरणं आणली, निवांत बसून एकेक फाडलं आन पिशवी भरून ठेवली.

मजकूर मात्र लवकर जमेना. भाजी निवडताना पुटपुटायची, मग मान हलवायची. त्या सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "जमलं. लई बारकं जमलं." दोरी मारून झाल्यावर तिनं पत्र्यावर खडूनं लिहून काढलं. मी नेहमीसारखी नजर दुसरीकडं केली. ती म्हणाली, "उद्या सकाळपर्यंत वाळंल. उद्या ऐका." मी ब्रश घेतला, पहिला शब्द रंगवला. ती म्हणाली, "अजून घोटभर चहा ठेवते," आन आत गेली.

आतून भांड्याचा आवाज आला. मी म्हणलं, काय पाडलंस गं? उत्तर आलं न्हाई.

पुढचं मी लिहीत न्हाई. पोरगा आला, गाडी आली, दवाखान्यात नेलं. तिथं त्यांनी जे सांगितलं ते सांगायला काही चांगलं वाक्य असेल तर मला मालूम न्हाई. ती असती तर तिला विचारलं असतं.

दुपारी नांदेडहून तिची धाकटी बहीण आली. दिवस मावळायच्या आत आम्ही बायकोला स्मशानात नेलं. मी चाललो, पाणी घातलं, जे सांगतील ते केलं. डोळ्यात पाणी न्हाई. डोक्यात एकच धरून होतो, बोर्ड हाय. तिचं बोलणं अजून शिल्लक हाय. पत्र्यावर हाय. घरी जाऊन तेवढं रंगवायचं, वाळलं की वाचायचं. तोवर ती पूर्ण गेली न्हाई. वेड्यासारखं वाटंल, पण चितेसमोर मी त्या खडूच्या अक्षरांच्या आधारानं उभा होतो.

घरी आलो. अंगण धुतलेलं. पत्रा भिंतीला टेकलेला, लख्ख निळा. डाव्या कोपऱ्यात मी रंगवलेला एक शब्द, पुढं काहीच न्हाई. रेघा सुद्धा न्हाईत.

"हे कोणी पुसलं?"

मग मेहुणी पुढं आली, हात पदराला पुसत. "मी पुसलं, दाजी. घर धुवायचं असतंय ना, नेल्यावर. पत्र्यावर पांढरी धूळ दिसली, त्याला पण ओलं फडकं मारलं."

"धूळ? धूळ होती ती?"

"मला काय ठाऊक, दाजी..."

"वाचलं न्हाई तू? पुसताना एक शब्द न्हाई वाचला?"

"माझी बहीण गेली," ती म्हणाली, "मी वाचत बसू?"

ती रडायला लागली, बायका तिला आत घेऊन गेल्या, आन माझ्याकडं असं बघून राहिल्या की ह्याचं डोकं फिरलं.

फिरलंच होतं. मी दारातला बल्ब काढून वायरीसकट पत्र्याजवळ आणला. खडू पुसला तरी ऑइल पेंटवर कधी कधी खूण राहते, उजेड तिरपा पडला की दिसते. मी खालून धरला, बाजूनं धरला. मेहुणीनं काम चोख केलेलं. पत्र्यात माझंच तोंड दिसत होतं. पोराला बोलावलं. त्याचं फ्लेक्सचं दुकान हाय.

"तुझ्या मोबाईलमध्ये असंल. सकाळी तू आला होतास, फोटो काढला असशील."

"मी सकाळी आलो ते आईला उचलायला आलो, बाबा."

"तरी बघ."

त्यानं बघितलं. नातवंडांचे, गाडीचे, जेवणाच्या ताटांचे फोटो. पत्र्याचा न्हाई.

"काय वाचता येतंय तुला इथं?" मी विचारलं.

"तुमची."

"पुढं?"

"पुढं काही न्हाई, बाबा."

"नीट बघ की!"

"एकच शब्द हाय. तुमची. बास."

तो खाली बसला माझ्याजवळ. थोड्या वेळानं म्हणाला, बाहेर चौकात आईचा फ्लेक्स लावलाय, बघा. मी गेलो. मोठा फोटो, खाली फुलं, पणती. भावपूर्ण श्रद्धांजली. क्रूर काळाने घाला घातला. शोकाकुल परिवार. मागच्या महिन्यात त्याच चौकात दुसऱ्या कोणाचा होता, त्याच्यावर पण हेच होतं. फोटो तेवढा बदललेला.

"काढ हे."

"बाबा, सगळ्यांचं असंच असतं."

"सगळ्यांचं असतं ते तिनं जन्मात कधी लिहिलं न्हाई. आन तू तिचं पोरगं. तिच्यावरच छापलंस."

मी भर चौकात बोललो. लोक होते. पोरगा म्हणाला, "मी कॉम्प्युटरपुढं बसलो, बाबा. दुसरं काहीच सुचलं न्हाई. आईला फोन लावावा असं वाटलं. विचारायला. लावलाच होता."

फ्लेक्स राहिला.

रात्री मिलचे शेठ भेटायला आले. त्यांनी टेकायच्या आत मी त्यांचा हात धरला.

"शेठ, बोर्डावर काय लिहिणार ते तुम्हाला बोलली होती का? एखादा शब्द?"

"न्हाई हो, पेंटर. म्हणाल्या, जमलं की लावू."

"आठवून बघा. चिंध्यांचं बोलताना काही म्हणाली असंल."

"लई बोलल्या त्या. सगळं कुठं ध्यानात राहतंय?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "त्या बोर्डाचं सोडा आता. मी फ्लेक्स करून घेतो. तुम्ही आधी घर सांभाळा."

त्यांनी चांगल्या मनानं सांगितलं. पण मला ते तिला दुसऱ्यांदा नेल्यासारखं वाटलं. फ्लेक्सवर कारवाई येणार, कायदेशीर येणार, आन तिनं इतके दिवस पुटपुटून जमवलेलं कोणाच्या कानावर न पडताच गेलं. माझ्या सुद्धा. नवरा असून. पत्र्याला नाक लावून बसलो होतो, डोळा जरा पुढं सरकवला असता तर वाचता आलं असतं. रीत पाळली. मरू दे ती रीत.

झोप आली न्हाई. तुमची, तुमची, एवढंच डोक्यात. तुमची काय? तूर? डाळ? काळजी? मी वाक्यं जुळवून बघितली. सगळी माझ्या तोंडची वाटली. तिचं वाक्य ऐकलं की माणसाला वाटायचं, हां, हे तर मला ठाऊकच होतं. माझ्या एकाही वाक्याला तसं वाटेना.

सकाळी पत्रा डोक्यावर घेतला. एका हातात रंगाचा डबा, ब्रश, खांद्याला तिची चिंध्यांची पिशवी. पोरगा दारात आडवा आला.

"बाबा, सुतक हाय. कुठं निघालात? लोक काय म्हणतील?"

"वाचणारा कुठं उभा राहतो ते बघायला," मी म्हणलं. त्यानं वाट सोडली.

शेठ मला बघून उठूनच उभे राहिले. मी म्हणलं, "आत येत न्हाई. फाटकाबाहेरच बसतो. मशीन चालू राहू द्या." ती बसली होती त्याच दगडावर बसलो.

मी बसल्यावर पहिली एक म्हातारी आली, ऑटोतून, मांडीवर तुरीचं ठिकं, लहान पोतं, धरून. हमालानं ठिकं उचललं तशी ती पण त्याच्या मागं आत निघाली. पदर लोंबत होता. पट्टा समोर फिरून राहिला होता.

मी म्हणलं, "मावशी, आत जाऊ नका."

"का? माझी तूर आत गेली."

"कारवाई होईल" असं काही माझ्या तोंडात आलं न्हाई. मी पिशवीत हात घातला. हिरवी चिंधी निघाली, दोन तुकडे एकमेकांत अडकवलेले. तिनंच अडकवले होते. हमालाला हाक मारून परत बोलावलं, एक तुकडा ठिक्याला बांधला, एक म्हातारीच्या हातात दिला. म्हणलं, "तुमची तूर एकटीच भरडली जाईल. दुसऱ्याची तिच्यात पडणार न्हाई. हा तुकडा जुळवून डाळ घ्या. तोवर इथं सावलीत बसा, हाक मारतो."

"कोण मारतो? तुम्ही मिलवाले का?"

"न्हाई. मी पेंटर."

तिनं चिंधी उलटीपालटी करून बघितली. "हे कोणी काढलं?"

"माझ्या बायकोनं."

"हुशार हाय," म्हातारी म्हणाली आन दगडाच्या कडेला टेकली. मी 'होती' म्हणलं न्हाई.

मग पत्रा भिंतीला टेकवला. कालचाच सदरा अंगात होता, दोरी खिशातच होती. दुसरं टोक धरायला कोणी न्हाई, म्हणून फाटकाच्या कडीला बांधलं. ढिली पडली. पुन्हा बांधली. फट्ट. रेघ जरा तिरपी आली, तशीच ठेवली. 'तुमची'च्या पुढं खडूनं लिहिलं, म्हातारीला आत्ता जे बोललो होतो तेच, बोललो तसंच. हे तिचं वाक्य नव्हतं. तिचं ह्याच्यापेक्षा लहान असणार, बरं असणार. ते आता कोणालाच कळणार न्हाई. ब्रश बुडवला आन रंगवायला लागलो.

ऊन चढलं, पत्रा तापला. म्हातारीच्या आधी दोघांची तूर होती, ती चिंधी मुठीत धरून बसून राहिली. मी बोटाच्या टोकानं शेवटचं अक्षर दाबून बघितलं. बोटाला रंग लागला न्हाई.

"काय लिहिलंय त्याच्यावर?" ती म्हणाली. "मला वाचता येत न्हाई."

मी रस्त्याच्या पलीकडं बघितलं. तिथं माझी जागा, आज रिकामी. मी पत्र्याच्या बाजूला उभा राहिलो, कमरेवर हात ठेवला आन मोठ्यानं वाचलं, "तुमची तूर..."

आन पुन्हा पलीकडं बघितलं. पट्टा फिरून राहिला होता. म्हातारी माझ्याकडं बघत होती.

"पुढं?" ती म्हणाली.

मी पुढचं वाचलं.